पाचाचे सात

बसलिंगाप्पा घुगरे यांना नंबर लावल्याशिवाय घास गिळता येत नसे. ताटातली भाकरी ते आधी खिडकीच्या उजेडात धरत, कडेचा तुकडा मोडत, जिभेवर ठेवत आणि मग म्हणत, "दोन." त्यांची बायको गंगव्वा चाळीस वर्षं हे ऐकत आली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या भाकरीला तीन नंबर लागला तेव्हा ती परसात जाऊन रडली होती. पुढं ती दोनावर स्थिरावली, आणि एका बेंदराच्या सणाला तिच्या पोळीला एक नंबर मिळाला तो दिवस ती अजून सांगते. मंगळवार पेठेतल्या त्या घरात पाहुण्यांना, पावसाला, शेजारच्या भजनी मंडळाला, सगळ्यांना नंबर होता. मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा ह्या गृहस्थानं भर बैठकीत, मुलीच्या बापासमोर, "एक नंबर, किंचित खार" असा निकाल दिला होता. तरीही पवित्रा सून म्हणून घरात आली, हा तिच्या बापाचा मोठेपणा.

हा नाद त्यांना पोटापाण्यातून लागला होता. कोल्हापूरच्या गूळ बाजारात मिणचेकरांची अडत होती. शेतकऱ्यांनी आपापला गूळ तिथं आणून टाकायचा आणि व्यापाऱ्यांनी सौद्यात बोली लावून तो उचलायचा. सौद्याआधी प्रत्येकाच्या मालाला नंबर लावायचा, हे बसलिंगाप्पांचं काम. गुळाच्या मोठ्या ढेपेला इथं रवा म्हणतात. पांढरं धोतर, काळी टोपी आणि हातात लहानशी सुरी अशा थाटात ते रव्यांच्या रांगेतून चालत. एका रव्याचा टवका काढायचा, रंग बघायचा, बोटांत चुरून कण बघायचे, जिभेवर ठेवायचा, थुंकायचा, आणि मान वर करून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा पुकारायचा. एक नंबर म्हणजे पिवळाधमक आणि कणीदार, पाच नंबर म्हणजे काळपट आणि चिकट. त्यांनी पुकारलं की हमाल रव्याच्या फडक्यावर निळीनं तो आकडा ओढी, आणि मग त्यात बदल नाही. बाजारात सगळे त्यांना आण्णा म्हणत. आण्णांचा नंबर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं लोक बोलत, आणि आण्णा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

एकोणीसशे त्र्याण्णव साली मालकांनी नवी यादी काढली. बाहेरगावचे व्यापारी कुरकुरत होते की तुमच्या दोन नंबरात वरचा माल फक्कड असतो, पण खालचा कसातरीच. मालकांनी तोडगा काढला की दोन नंबरातला खालचा माल आजपासून तीन नंबर धरायचा. आण्णांनी यादी एकदा वाचली, घडी घालून टोपीत ठेवली आणि कामाला लागले. यादी ती यादी.

नेमका त्याच दिवशी गडमुडशिंगीच्या बाळासो चौगुल्यांचा गूळ आला होता. वीस वर्षं त्या गुळाला दोन नंबर लागत आलेला. आण्णांनी टवका काढला, चुरला, चाखला आणि पुकारलं, "तीन नंबर."

बाळासो हा माणूस हळू बोलायला जन्मात शिकला नव्हता. तो गर्दी बाजूला सारून पुढं आला.

"आण्णा, गेल्या बाजाराला दोन लागलाय. आज तीन कसा? ऊस त्योच, चुलवाण त्येच, गूळ शिजवणारा गुळव्याबी त्योच. गूळ त्योच की."

आण्णा पुढच्या रव्याकडे वळलेच होते. ते मागं न बघता पुटपुटले, "गूळ तोच हाय. यादी बदललीया."

बाळासोच्या कानावर त्यातलं किती गेलं कुणास ठाऊक. शेजारी हमाल ओरडत होते, गाड्या लागत होत्या. हमालानं फडक्यावर निळा तीन ओढला. बाळासोनं तो रवा सौद्यातून उचलला, खांद्यावर टाकला आणि बाकीचा माल मिळेल त्या भावानं देऊन गावाकडं निघून गेला. पुढच्या साली तो बाजारात दिसला नाही, आणि रोज शेकडो शेतकरी बघणाऱ्या आण्णांच्या ते ध्यानातही आलं नाही.

वर्षाखेर आली तशी अडतीत एक चमत्कार उघडकीला आला. दोन नंबराचा ढीग पूर्वीपेक्षा सरस झाला होता, कारण त्यातला रद्दी माल निघून गेला होता. आणि तीन नंबराचा ढीगही पूर्वीपेक्षा सरस झाला होता, कारण दोनातली ती रद्दीसुद्धा तीनातल्या मालापेक्षा उजवी होती. जिल्ह्यात गुळाचा एक कणही सुधारला नव्हता, पण दोन्ही ढीग सुधारले होते. मालक हरखून गेले. त्यांनी सभा भरवली आणि "दोन्ही प्रतींचा दर्जा एकाच वर्षात उंचावल्याबद्दल" आण्णांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिलं. यात काहीतरी गफलत आहे असं आण्णांना व्यासपीठावरच वाटलं होतं. पण शाल चांगली होती. फोटो घराच्या पुढच्या सोप्यातल्या भिंतीवर लागला.

दोन वर्षांनी आण्णांना लघवीचा त्रास सुरू झाला. सौद्याच्या ऐन रंगात त्यांना तीन तीनदा पळावं लागे. बासष्ट वर्षांच्या माणसानं धोतर सावरत पळणं बाजाराला शोभेना, म्हणून मुलगा संगमेश त्यांना तपासायला घेऊन गेला. प्रोस्टेटची गाठ निघाली. सुईनं तिचे सहा बारीक तुकडे काढले तेव्हा आण्णा टेबलावर कुशीवर पडल्या पडल्या डॉक्टरला म्हणाले, "सहा टवके? मी अख्ख्या गाडीला एक काढतो."

ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघितले डॉक्टर हंबीरराव घाटग्यांनी. गावातल्या निम्म्या लोकांच्या गाठी त्यांच्या डोळ्याखालून गेलेल्या. त्यांनी आण्णांना समोर बसवून सांगितलं की हा कॅन्सर आहे, पण मवाळ आहे. ह्याला नंबर लावायची एक पद्धत असते. ग्लीसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ती घालून दिली. गाठीतला जास्तीत जास्त भाग कसा दिसतो त्याला एक ते पाचातला एक नंबर, त्याच्या खालोखाल जे दिसतं त्याला दुसरा, आणि दोन्हींची बेरीज करायची. आकडा जितका मोठा तितका कॅन्सर माजोरी. "तुमचा दोन अधिक तीन," हंबीरराव म्हणाले, "पाच."

कॅन्सर हा शब्द ऐकून संगमेशला घाम फुटला होता. आण्णा मात्र खुर्चीत पुढं सरकले. आपल्या धंद्यातला माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता.

"कितीतले पाच?"

"दहातले."

"म्हंजे मधला माल," आण्णा म्हणाले. "रंग कसा हाय? कण सुट्टं हाईत का चिकटल्यात?"

हंबीररावांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुठल्याही पेशंटनं विचारला नव्हता, आणि प्रश्न अगदी बरोबर होता. "बहुतेक सुट्टे आहेत. थोडे चाळणीगत झालेत, म्हणून तीन दिला. बाकी दोन. काही करू नका. दर सहा महिन्यांनी रक्त तपासा आणि जेवत जा."

अशा रीतीनं घरात पाच नंबर आला. दवाखान्यानं तपासलेल्या काचा आणि मेणात बसवलेले तुकडे एका डबीत घालून दिले होते. ती डबी गंगव्वानं देवघराच्या कोनाड्यात ठेवली आणि दर सोमवारी तिला विभूतीची तीन बोटं ओढायला सुरुवात केली. पेठेत कुणी विचारलं की आण्णांची तब्येत कशी आहे, तर ती सांगे, "पाच हाय. हालला न्हाई." अकरा वर्षं तो हलला नाही. आण्णा अडतीतून निवृत्त झाले, नात शिवलीला जन्मली, आणि पाच घरातल्या माणसासारखा घरात राहिला.

दोन हजार सहा साली सहामाही रक्ततपासणीतला आकडा जरासा वर सरकला. संगमेश वारणानगरच्या कॉलेजात गणित शिकवायचा, आणि गणित शिकवणाऱ्याला जरासं सरकलेलंही खपत नाही. त्यानं ती डबी कोनाड्यातून उचलली, विभूती पुसली आणि नव्या लॅबमध्ये नेऊन दिली. तिथले डॉक्टर धम्मपाल कांबळे पूर्वी हंबीररावांच्याच हाताखाली शिकलेले, पुढं मुंबईला अनुभव घेऊन परत आलेले. चार दिवसांनी त्यांचा कागद आला. तीन अधिक चार, सात.

त्या संध्याकाळी घुगऱ्यांच्या सोप्यात जे झालं त्याला माझ्याकडे नंबर नाही. गंगव्वानं कपाळावर हात मारून घेतला. "शिवशिवा, मी कोनाडा चुलीच्या भिंतीला केला. ऊब लागली आणि वाढलं गं त्ये." पवित्राला वाटलं की कोनाड्याच्या मागच्या बाजूला आपला मिक्सर चालतो, त्याच्या हादऱ्यानं झालं असावं, आणि तिनं त्या दिवसापासून खोबरं पाट्यावर वाटायला घेतलं. संगमेशनं तर डबीत दोन काचा जास्त आल्या आहेत का तेही मोजून बघितलं. अकरा वर्षांपूर्वी मेणात घालून मारलेला तुकडा काचेत बसून वाढत नसतो, हे त्या गणिताच्या मास्तरलाही तेव्हा सुचलं नाही. सात म्हटल्यावर माणसाचं डोकं बंद होतं. त्यानं पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली. बावीस दिवसांनंतरची.

आण्णांना भीती वाटत होती, मरणाची थोडी आणि त्या ऑपरेशनची फार. पेठेतल्या एका ओळखीच्या माणसाचं तसलंच ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून लघवी आवरेना म्हणून तो धोतराच्या आत फडक्यांच्या घड्या बांधून फिरे आणि कुणाच्या घरी सतरंजीवर बसत नसे. उभा जन्म पांढऱ्या धोतरात बाजारभर मिरवलेल्या माणसाला त्या घड्यांची कल्पना सोसेना. पण "मला न्हाई करायचं" असं म्हणायला त्यांची जीभ रेटेना. त्यांनी हजारो शेतकऱ्यांच्या तोंडावर आकडा फेकला होता आणि एकाचंही ऐकून घेतलं नव्हतं. लागला म्हणजे लागला. आता आपल्याला सात लागल्यावर आपणच कुरकुर करायची, तर आधीचे सगळे नंबर पुसावे लागले असते. सोप्यातला शालीचा फोटो त्यांच्याकडे बघत होता.

तीन दिवस त्यांनी भाकरीला नंबर लावला नाही. चौथ्या दिवशी गंगव्वाच म्हणाली, "अवो, जाऊन इचारून तरी या. माल तुमचा हाय."

धम्मपाल डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, चहा मागवला आणि कागद पुढं ठेवला.

"डॉक्टर, एवढंच सांगा," आण्णा म्हणाले. "ह्यो वाढला कधी? काचेत असताना, का काचेत जायच्या आधी?"

"वाढला नाही, आण्णा. गेल्या साली जगभरातले मोठे पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसले आणि नंबर लावायची रीत बदलली. सुईच्या बारीक तुकड्याला आता एक आणि दोन नंबर देतच नाहीत. त्यामुळं तुमच्या दोनाचे तीन झाले. आणि चाळणीसारखा दिसणारा भाग पूर्वी तीनात जायचा, तो बहुतेक आता चारात घालतात. म्हणून पाचाचे सात. माल तोच आहे. यादी बदलली."

आण्णांनी तोंडाकडे नेलेला कप परत बशीत ठेवला. हे वाक्य त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि ते आपल्याच आवाजात ऐकलं होतं, एवढं त्यांना आठवलं.

"कागदावर तसं लिवलंय कुठं?"

डॉक्टरांनी बोट ठेवलं. वरती मोठ्या ठळक अक्षरांत सात होता. अगदी खाली, चष्मा लावूनही दिसू नये इतक्या बारीक अक्षरांत एक ओळ होती की हा आकडा नव्या पद्धतीनं दिला आहे.

डॉक्टर उत्साहात आले होते. "नव्या यादीचा फायदा बघा. आता सहावाले पेशंट पूर्वीच्या सहावाल्यांपेक्षा जास्त जगताना दिसतात, आणि सातवालेही पूर्वीच्या सातवाल्यांपेक्षा. दोन्ही गट सुधारले."

आण्णांनी एकदा कागदाकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांना हसू आलं आणि ते आवरेना. चहा सांडला, टोपी मागं सरकली. "शाल मिळाली का तुमाला?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "मला मिळाली हुती. फोटो हाय घरात."

हसून झाल्यावर मात्र ते उठले नाहीत. बाजारात नंबरावरून वाद झाला तर एक रीत होती, ती त्यांनी डॉक्टरांना समजावून सांगितली. दोन्ही नंबर लावणारे एका जागी बसवायचे, माल समोर ठेवायचा, आणि बाहेरचा एक पंच घ्यायचा. जुन्या काळी तर एकाचा आकडा दुसऱ्याला कळू नये म्हणून टॉवेलाखाली हात घालून पंचाची बोटं दाबत. "हंबीरराव डॉक्टर अजून हाईत. तुमी हाईसा. माल मी देतो. पंच बी मीच आणतो."

धम्मपाल डॉक्टर नाही म्हणाले असते. पण हंबीररावांना फोन केला तर ते ऐंशी वर्षांचे गृहस्थ, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू नुकतेच काढलेले, "कधी येऊ?" म्हणून विचारायला लागले.

पंचासाठी आण्णांनी फार विचार केला नाही. त्यांच्या नंबरावर तोंडावर शंका घेतलेला माणूस त्यांना एकच आठवत होता. ते एसटीनं गडमुडशिंगीला गेले. बाळासो अंगणात शेंगा वाळवत होता. मागं गुऱ्हाळाची जागा दिसत होती, पण तिथं चुलवाण नव्हतं, रस आटवायची काहिल नव्हती, नुसता गोठा होता. ऊस आता कारखान्याला जातो, एवढंच तो म्हणाला. आण्णांनी आपली सगळी हकिगत सांगितली, पाच, सात, पुणे, फडक्याच्या घड्या, काही लपवलं नाही.

बाळासोनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हंजे तुमालाबी लागला," तो म्हणाला, आणि कोट घालायला आत गेला.

रविवारी सकाळी लॅब बंद ठेवून ती बैठक बसली. दोघांना एकाच वेळी बघता येईल असा दोन तोंडांचा सूक्ष्मदर्शक होता. एका तोंडाला हंबीरराव लागले, दुसऱ्याला धम्मपाल. मध्ये बाळासो, त्याच्या गुडघ्यावर आण्णांनी घरून आणलेला धुवट टॉवेल. संगमेश दाराशी उभा राहून आपल्या बापाचा जीव टॉवेलाखाली चाललेला बघत होता. काच फिरली, पुन्हा फिरली. आधी धम्मपालांनी हात आत घातला, मग हंबीररावांनी. म्हाताऱ्याचा हात बराच वेळ आत राहिला.

"धाकट्या डॉक्टरनी सात दाबलं," बाळासोनं खणखणीत आवाजात जाहीर केलं. "थोरल्यांनी आधी पाच दाबलं. मग जरा थांबलं आणि आणखी एक बोट दाबलं."

"आता सहाच्या खाली कुणी लिहीत नाही," हंबीरराव ओशाळून म्हणाले. "सगळे देतात म्हणून..."

"बघा," बाळासो म्हणाला. त्यानं स्वतः वाकून काचेत बघितलं आणि डोळा काढून घेतला. "मला ह्यातलं काय कळत न्हाई. पण एक इचारतो. काच तीच न्हवं? मग आण्णा, माझं ऐका. त्या दिवशी तुमी तीन म्हणालासा. माझा गुळव्या म्हंजे माझा थोरला भाऊ. घरी जाऊन मी त्येला म्हटलं, तुजा हात गेला. तीस वर्षं काहिलीवर उभा ऱ्हायलेला माणूस. त्येनं मान खाली घातली आणि परत चुलवाणाकडं गेला न्हाई. मीबी गुऱ्हाळ मोडलं. माझा हात गेला, माझा हात गेला, असं म्हणतच चार वर्षांनी त्यो गेला."

आण्णांना हे तेरा वर्षांनी पहिल्यांदाच कळत होतं. त्यांना बसवेना आणि उठवेना.

"गेल्या सालचा रवा तवा माझ्या माळ्यावर हुता," बाळासो पुढं म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "दोन्ही रवं शेजारी ठेवून एकाच माणसानं बघितलं असतं, तर गूळ त्योच हाय हे पोराला कळलं असतं. मी बघितलं न्हाई. तुमीबी बघितलं न्हाई. आता ह्येंचं तरी बघा. जुना टवका हाय. नवा काढा. दोन्ही शेजारी ठेवा आणि एकाच यादीनं नंबर लावा. हालला असंल तर कापा, न्हाई तर सोडा."

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. त्या खोलीत त्या सकाळी तेवढंच एक बोलणं शहाणपणाचं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात आण्णा पुन्हा टेबलावर कुशीवर पडले. ह्या वेळी बारा टवके काढले. पूर्वी सहात भागायचं, असं ते पडल्या पडल्या बोललेच. जुन्या काचा आणि नव्या काचा शेजारी शेजारी ठेवून धम्मपाल डॉक्टरांनी एकाच बैठकीत बघितल्या. जुन्या, तीन अधिक चार, सात. नव्या, तीन अधिक चार, सात. अकरा वर्षांत तो जागचा हललेला नव्हता. दोन्ही कागद पुण्याला गेले, तिथल्या सर्जननं ते वाचले, आण्णांचं वय बघितलं, आणि तूर्त ऑपरेशन नको, पण दर तीन महिन्यांनी रक्त चुकवायचं नाही, असं बजावून तारीख रद्द केली. गंगव्वानं डबी कोनाड्यात परत ठेवली. कोनाडा मात्र तिनं चुलीच्या भिंतीवरून हलवून घेतला, कारण डॉक्टरांना सगळंच कळतं असं तिला वाटत नव्हतं. आण्णा त्या दिवशी पोटभर जेवले. सुटल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही, आणि भाकरीला नंबर लावायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेतून सुरी काढली, पांढरं धोतर नेसले आणि परत गडमुडशिंगीची एसटी धरली.

बाळासोच्या थोरल्या भावाची बायको आक्काताई शेजारच्या घरात राहत होती. बाळासोनं त्या दिवशी खांद्यावर टाकून नेलेला रवा तिच्याच माळ्यावर होता. नवऱ्याच्या हातचा शेवटचा म्हणून तिनं तो ना विकला, ना फोडला. बाळासोनं तो खाली काढून अंगणात ठेवला. फडकं मळून गेलं होतं, पण निळा तीन अजून वाचता येत होता. आत गूळ काळा आणि दगडासारखा झालेला. सुरी चालेना, तशी बाळासोनं कोयत्याचा घाव घातला. आण्णांनी आतल्या गाभ्याचा टवका उचलला, उन्हात धरला, चुरायला गेले तर चुरेना, म्हणून तोंडात ठेवला. बराच वेळ ते डोळे मिटून उभे होते. ह्या वेळी ते थुंकले नाहीत.

"रंग वयानं गेलाय," ते म्हणाले. "कण हाय. खार न्हाई. जुन्या यादीनं दोन, नव्या यादीनं तीन. हात तोच."

आक्काताई दारात उभी होती. पदर डोक्यावर घेतलेली, सत्तरीची बाई.

"मग तवा का न्हाई सांगिटलं?"

"सांगितलं हुतं, बाई. यादी बदललीया म्हणून बाळासोंना म्हणालो हुतो."

"तुमी आकडा मोठ्यानं बोललासा," आक्काताई म्हणाली. "यादीचं हळू बोललासा. आकडा सगळ्या गावाला ऐकू आला. माझ्या मालकास्नी बी त्योच ऐकू आला."

आण्णांना आपल्या कागदावरची ती खालची बारीक ओळ आठवली.

"आता मोठ्यानं बोला," ती म्हणाली.

त्र्याहत्तर वर्षांचे बसलिंगाप्पा घुगरे त्या अंगणात रव्यासमोर सरळ उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली, मान वर केली, आणि बाजारात उभा जन्म जो आवाज लावला होता तो लावला. "यादी बदलली हुती. हात तोच हुता. दोन नंबर." शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. रस्त्यावरून चाललेले दोघेजण थांबून आत बघायला लागले. सौद्यात तीनदा पुकारायची रीत होती म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज मध्येच फाटला, तरी त्यांनी आकड्यापर्यंत नेला.

आक्काताईनं रव्याजवळ येऊन फडक्याची घडी सारखी केली, तो निळा तीन आत दुमडला, आणि कोयत्यानं उडालेला एक तुकडा उचलून आण्णांच्या हातावर ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "आता ऐकू आलं. बसा, पाणी आणते."